गार राहूनही दोषी ठरलेली बादली

मित्रांनो, माझ्याकडे पाहून हसू नका. कडेला टवका उडालेली, रंग विटलेली मी बर्फाची जुनी बादली आहे, आणि एका गोष्टीनं माझं डोकं अजून चक्रावलेलं आहे.

मी प्रयोगशाळेत काम करते. इथे शरीराच्या छोट्या तुकड्यातल्या पेशी फोडून त्यांतली प्रथिनं बाहेर काढतात. पण पेशी फुटली की प्रथिनांचे तुकडे पाडणारी द्रव्यंही मोकाट सुटतात. त्यांना आवरायला दोन उपाय असतात. एक माझा बर्फ आणि दुसरं मावशींचं औषध. मावशी म्हणजे इथल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञ. वीस वर्षं आमची जोडी बिनबोभाट चालली.

मग मावशी रजेवर गेल्या आणि काम लगबगकडे आलं. ही तरुण संशोधिका सगळं आधीच तयार ठेवते, म्हणून तिला हे नाव पडलं. तिच्याकडे एका आजींच्या मूत्रपिंडाचे तीन तुकडे होते. आजींनी ते आजाराचा शोध लागावा म्हणून दिले होते. आजी आता नाहीत, त्यामुळे चौथा तुकडा मिळणार नव्हता.

पहिल्या तुकड्याच्या चाचणीत एक ठळक रेघ यायला हवी होती. आला नुसता पुसट, पसरलेला फराटा. प्रथिनांचा पार चुरा झाला होता.

"ही बादलीच गार राहत नाही," लगबग वैतागून म्हणाली आणि तिनं मला बेसिनखाली सारलं.

मी गोंधळले. बर्फ तर शेवटपर्यंत टिकला होता! की मला म्हातारीला भास झाला? नवी कोरी बादली आली, दुसरा तुकडा तिच्यात ठेवला गेला, आणि पुन्हा फराटाच आला. मला आनंद व्हावा की वाईट वाटावं, तेच कळेना.

मावशी परतल्या. त्यांनी एकच विचारलं, "औषध कधी घातलंस?"

"सकाळीच. द्रावणात मिसळून टेबलावर ठेवलं होतं. दुपारी धांदल नको म्हणून."

"अगं, हे औषध पाण्यात पडलं की तासा-दोन तासांत निकामी होतं! पेशी फोडायच्या वेळीच घालायचं."



तिसऱ्या तुकड्याला मावशींनी मलाच बाहेर काढलं. औषध आयत्या वेळी पडलं, आणि रेघ काळीभोर, स्वच्छ उमटली. मी हरखले. लगबग मात्र रडत होती.

"पहिला चुकून गेला, मावशी. दुसरा मी घालवला."

मित्रांनो, माझ्यावर आळ आला त्याचं मला काही नाही. जुन्या वस्तूंना जपा, एवढं सांगायचं ठरवून मी बोलायला लागले होते. आता वाटतं, आधी स्वतःच्या हातून काय चुकलं ते तपासा. त्या दिवशी तिनं बादली बदलली नसती, मावशींना नुसता एक फोन केला असता, तर आजींचा दुसरा तुकडा वाचला असता.