नखरीच्या पुढे

आषाढात बैलांचा बेंदूर झाला आणि चौथ्या दिवशी माझ्या रक्तात साखर सापडली. म्हणतात ना, साखरेचं खाणार त्याला देव देणार. मला देवाने नको तिथे दिली. डॉक्टर तेजस्वी वयाने माझ्या पुतणीएवढी, पण बोलायला खमकी. म्हणाली, "मावशी, तीन महिन्यांची सरासरी साडेआठ आहे आणि वजन ब्याऐंशी. गोळी देते, पण नुसत्या गोळीवर भागणार नाही. आठ-दहा किलो उतरवा, रोज पाऊण तास भरभर चाला. दिवाळीनंतर परत रक्त बघू. तेव्हा साखर उतरली नसेल तर औषध वाढवावं लागेल."

कुरुंदवाडच्या माझ्या आईचा डावा पाय या साखरेनेच गेला. आधी अंगठा, मग पाऊल. मला भीती वाटत होती, आणि ती मी कुणालाही सांगितली नाही. घरी मालकांना एवढंच म्हणाले, "जरा साखर निघालीया, चालायला सांगितलंय."

"मग चाल की," मालक म्हणाले आणि म्हशीच्या शिंगांना तेल लावायला लागले.

चाल की! आमच्या शुक्रवार पेठेत बाई चालते ती दळण घेऊन, भाजी घेऊन, नाहीतर देवाला. रिकाम्या हाताने नुसतीच चालणारी बाई कुणी बघितलेली नव्हती. पहिल्याच दिवशी शेजारच्या चिमणाबाईंनी दारातून हाक मारली, "काय गं पारू, भांडून निघालीस व्हय?" दुसऱ्या दिवशी विचारलं, "कुणाचं काय झालं?" तिसऱ्या दिवशी मी गोठ्यात गेले, नखरीचं दावं सोडलं आणि तिला घेऊन रस्त्याला लागले. म्हैस सोबत असली की कुणी काही विचारत नाही. म्हैस घेऊन बाई कुठेही जाऊ शकते.

नखरी आमच्या चार म्हशींतली सगळ्यात देखणी आणि सगळ्यात आगाऊ. ती पुढे आणि मी मागे, असे आठ दिवस गेले. ती दर खांबाला थांबायची, कुणाच्या दारातलं तुळशीचं रोप हुंगायची, रस्त्यात मधोमध उभं राहून रवंथ करायची. घरी येऊन हिशेब केला तर पाऊण तासात पंधरा मिनिटंसुद्धा चालणं झालेलं नसायचं. मग मी डोकं लढवलं. मी पुढे झाले, दावं सैल सोडलं आणि "चल गं बाई, चल!" म्हणत झपाझप निघाले. बाईसाहेबांना काय वाटलं कोण जाणे, घंटी वाजवत माझ्या मागे यायला लागल्या. मी जोरात चालले की तीही जोरात. महिन्याभरात दाव्याची गरजच उरली नाही.

घरात तीन भाकऱ्यांची दीड केली, भाजी दुप्पट केली, चहातली साखर बंद केली. पहिले दोन आठवडे माझं डोकं इतकं फिरलेलं असायचं की मालक जेवायला बसताना आधी माझं तोंड बघायचे. पण नवरात्रापर्यंत पाच किलो उतरले. ब्लाउज ढगळ झाले, जिना चढताना लागणारी धाप गेली आणि मी एकटीच गोठ्यात उभी राहून हसले. नखरीने एकदा बघितलं आणि शेपटी हलवून माशा हाकल्या.

आणि तिथेच घोटाळा झाला. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवून मिरवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या, आणि मग शर्यतीत म्हशीचा धनी सायलेन्सर काढलेली मोटारसायकल फाडफाड वाजवत पुढे पळवतो आणि त्याची म्हैस त्या आवाजामागे धावते. नखरी सलग तीन वर्षं मालकांच्या गाडीमागे पळाली होती. पेठेत मालकांचं नाव भाऊसो कमी आणि 'नखरीवाले' जास्त होतं. दसऱ्यानंतर त्यांनी सराव काढला, गाडी वाजवली, आणि नखरी ढिम्म. उलट माझा आवाज ऐकून न्हाणीघराच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"तुझ्या फिरण्यानं म्हैस बिघडली!" मालक कडाडले. "पाडव्यापतूर तिला नेऊ नगंस."

"तुमचा पाडवा वर्षातनं एकदा येतोय," मी म्हणाले. "माझी साखर रोज हाय."

"मग दुसरी म्हस ने."

"कुठली? एक गाभण, एक लंगडी, आणि तिसरी तुमच्यासारखी, जागचं हलत न्हाय."

ते चार दिवस बोलले नाहीत. मलाही वाईट वाटलं, पण मी नखरीला नेणं सोडलं नाही. आईचा पाय त्यांनी बघितला नव्हता, मी धुतला होता.

पाडव्याला चौकात ही गर्दी! हलगी कडकडत होती. मी जांभळी साडी नेसून, ओवाळणीचं ताट घेऊन बायकांत उभी होते. पायांत चालायचे बूट, कारण आता चपलेत माझे पाय रमत नाहीत. मालकांचा नंबर आला. फेटा बांधून ते गाडीवर बसले आणि मूठ पिळली. फाड फाड फाड! नखरी उभी. परत फाड फाड फाड! नखरीने शेण टाकलं.

"भाऊसो, म्हस रुसली काय?" कुणीतरी ओरडलं. "पावणं, धक्का मारून बघा!" सगळा चौक हसला. मालकांचा चेहरा गुलालापेक्षा लाल झाला. आणि तेवढ्यात नखरीने मला बघितलं. गर्दी फोडून ती सरळ माझ्यासमोर आली आणि ताटातली फुलं खाऊ लागली.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. त्या माणसाने जन्मात कुणाची मनधरणी केलेली नाही. हळूच म्हणाले, "पारू, चल की गं."

मी ताट चिमणाबाईंच्या हातात दिलं, पदर खोचला आणि म्हणाले, "चल गं बाई!"

मी पळाले. मागे घंटी, कवड्या आणि साडेपाचशे किलोंची म्हैस, आणि तिच्या मागे फाडफाडत मालक. शिट्ट्या, हलगी, "पळ वैनी, पळ!" मला वाटलं होतं वीस पावलांत छाती भरून येईल. नाही आली. पाय आपोआप पडत होते, दोन्ही पाय, धडधाकट, माझे. मला इतकं हसू फुटलं की चौक संपला तरी मी थांबले नाही. पुढच्या गल्लीत शिरले तेव्हा मागून मालक ओरडत होते, "अगं थांब! बास झालं! शर्यत संपली!"

भाऊबीज झाली आणि आम्ही डॉक्टरकडे गेलो. मालक आपणहून आले. पाडव्यापासून त्यांना माझ्या पायांचा अभिमान वाटायला लागला होता. तेजस्वीने कागद बघितला, मग परत बघितला. "सहा पूर्णांक तीन. वजन त्र्याहत्तर. मावशी, झकास! औषध वाढवायचं तर सोडाच, गोळी अर्धी करू. चालणं मात्र सोडायचं नाही."

मी तिथेच मोठ्याने रडायला लागले. मालक गोंधळले. "आगं, कमी झालीया न्हवं? रडतीस कशाला?"

"मला वाटलं माझा बी पाय जाणार," मी म्हणाले. "चार महिनं रोज वाटलं."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातात दिला. तेजस्वी त्यांच्या पोटाकडे बघत होती. "काका, तुमचं रक्त कधी तपासलंय?"

"मला काय धाड भरलीया!" म्हणेपर्यंत तिने त्यांचं बोट धरून टोचलंसुद्धा. म्हशीची लाथ हसत खाणारा माणूस त्या सुईला "आई गं!" म्हणाला. यंत्रावर आकडा आला, दोनशे पंच्याऐंशी. तेजस्वी म्हणाली, "उद्या उपाशीपोटी या. सगळी तपासणी करू."

खाली येऊन मालक गाडीवर बसले, पण किक मारेनात.

"पारू, सकाळी कितीला निघतीस गं तू?"

"साडेपाचला."

"मला बी हाक मार," ते म्हणाले. "आणि पळू नगंस. मला तेवढं जमायचं न्हाय."