बैलांचा सोमवार

वाटूरच्या भुजंगरावांच्या बैलांच्या मानेवर सोमवारी जू पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सोमवार महादेवाचा, म्हणून नंदीचा. आज्यापासून चालत आलेलं. अशाच एका सोमवारी सकाळी शेजारचा पुंजाराम हरभरा पेरायला बैल मागायला आला, तर भुजंगराव त्याच्या अंगावरच गेले.

"ओल उडून चालली म्हन! अर्ध्या दिसाचं काम हाय म्हन! अरे, मुकं जनावर हाय ते. सहा दिस राबतंय, सातव्या दिशी त्याला दम नको? त्याला काय तोंड हाय का सांगायला?"

पुंजाराम बिचारा आला तसा गेला. आणि नेमकी त्याच वेळी परतूर रस्त्यावरून अठरा किलोमीटर पळून भुजंगरावांची अर्पिता दारात आली. सोमवारीच, बरं का. तिनं सगळं ऐकलं, खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि आत गेली.

अर्पिता त्यांची एकुलती एक, एकोणीस वर्षांची. जानेवारीत संभाजीनगरला बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन होती आणि पहिल्या पाच मुलींना पुण्याच्या शिबिरात जागा मिळणार होती. पोरीला दुसरं काही नकोच होतं. नवे कपडे नको, लग्नाचं नाव नको, फक्त पळायचं. तिला शिकवणारे राजानंद सर फौजेतून रिटायर झालेले. त्यांनी आठवड्याचा कागद लिहून दिला होता. सहा वार पळणं, आणि सोमवारपुढं ठळक अक्षरात 'आराम'. भुजंगरावांनी तो शब्द पेनानं खोडला आणि वर लिहिलं, अठरा किलोमीटर.

"गेल्या साली दीड मिनटानं सहावी आलीस," ते म्हणाले. "घरी बसून ते दीड मिनिट भरून निघंल का?"

आता हा माणूस वाईट होता म्हणावं, तर तेही नाही हो! पहाटे चारला उठून तिच्यामागं मोटारसायकलचा उजेड धरायचे. तिचं दूध स्वतः काढायचे, स्वतः तापवायचे. माया नुसती उतू चालली होती, आणि त्या मायेनंच घात केला.

डिसेंबरात पोरगी लंगडायला लागली. कुठं दुखतंय विचारलं तर म्हणाली, "गुडघ्यात." खरं दुखत होतं जांघेत, खोल आत. पण वयात आलेल्या पोरीनं बापाला जांघ कशी सांगावी? भुजंगराव रोज संध्याकाळी तिळाचं तेल कोमट करून तिचा गुडघा चोळत बसायचे आणि ती मुकाट चोळू द्यायची. खरं काय ते तिनं आईच्या कानात सांगितलं. दैवशालानं नवऱ्याला गाठलं.

"अहो, पोरीला भलत्याच जागी दुखून राह्यलंय. दोन-चार सोमवार तरी बसू द्या."

"पंधरा दिस राह्यले शर्यतीला, आन् आता बसवू? बिलकुल न्हाई."

शर्यतीआधीच्या सोमवारी पहाटे अर्पिता अंथरुणातच बसून राहिली. "बाबा, आज ऱ्हाऊ द्या ना," ती म्हणाली.

"जल्दी आवर, उजाडंल," भुजंगराव म्हणाले आणि मोटारसायकल बाहेर काढली.

बाराव्या किलोमीटरला त्या उजेडातच ती कोसळली. मांडीचं हाड खुब्यात मोडलं होतं. जालन्याच्या डॉक्टरांनी तीन स्क्रू घातले आणि सांगितलं, आत महिनाभरापासून बारीक चीर असणार. तेव्हाच विश्रांती दिली असती तर आपोआप भरून आली असती. आता चालेल ती, पण पळणं विसरा.

भुजंगराव दवाखान्याच्या बाकड्यावर बसले होते. राजानंद सर शेजारी येऊन बसले आणि त्यांच्या हातात चहाचा कप दिला. यांनी आपल्याला चार शिव्या तरी हासडाव्यात, असं भुजंगरावांना फार वाटत होतं.

फेब्रुवारी उजाडला. अर्पिता अंगणात बाजेवर पडलेली, उशाला काठी. भुजंगराव पेंडीचं टोपलं घेऊन गोठ्याकडं निघाले.

"बाबा, आज बैल जुंपले न्हाईत?"

"आज सोमवार हाय, बाई," सवयीनं तोंडातून गेलं, आणि गेल्याबरोबर आपली जीभ झडावी असं त्यांना झालं.

अर्पिता चिडली नाही. गोठ्यात निवांत रवंथ करणाऱ्या बैलांकडं बघत म्हणाली, "मला आठवड्यातून येकच पाह्यजे व्हता. आता समदे सोमवारच हायेत."

भुजंगरावांच्या हातातलं टोपलं खाली आलं. बाजेपाशी बसून ते लहान लेकरावानी रडायला लागले.

"सांगायचं न्हाई का गं, माय माझे? तुला तर तोंड व्हतं!"

तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"सांगितलं व्हतं, बाबा."