बरोबर एका तासाचा उशीर

जहाजांच्या वेळा ठरवणाऱ्या त्या ऑफिसात घड्याळरावांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. सत्तावीस वर्षं त्यांचं काम एकच. दूरदेशीच्या ऑफिसातून निरोप यायचा, जहाज आमच्या अमुक वेळेला निघालं, तमुक वेळेला तुमच्याकडे लागेल. ती वेळ इथल्या वेळेत बदलायची आणि क्रेनवाल्यांना, मुकादमाला, ट्रकवाल्यांना कळवायची. तासाभराची चूक झाली तर चाळीस माणसं धक्क्यावर हात चोळत बसणार. तशी ती कधी बसली नव्हती.

त्या सोमवारी दुसऱ्या विभागातून बदलून आलेल्या एका बाईंना ते काम समजावून देत होते. बाई पन्नाशीच्या, तोंडाने मोकळ्या.

"पुढच्या मंगळवारी फोनवर मीटिंग आहे, त्यांच्या सकाळी नऊला," बाई म्हणाल्या. "आपण साडेनऊ तास पुढे. म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. झालं की!"

"झालं नाही. या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात. मंगळवारी फरक साडेदहा तासांचा असेल. आपले साडेसात."

"आणि आपली घड्याळं?"

"आपली जिथल्या तिथे."

"बाई गं! म्हणजे ते लोक साळसूदपणे नऊला येणार आणि आपण इथे तासभर आधीपासून माना वर करून बसणार."

"म्हणून एकच लक्षात ठेवा. आपण बोलतोय त्या दिवसाचा फरक धरायचा नाही. काम ज्या दिवशी आहे, त्या दिवसाचा धरायचा."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. घड्याळराव त्या रेघांकडे बघत राहिले. मग पाणी पिऊन येतो म्हणून उठले, ते पंधरा मिनिटांनी परतले.

मागच्या वर्षी याच दिवसांत त्यांची बायको हॉस्पिटलात होती. हृदयाची झडप बदलायची होती. सोमवारी सकाळी आठला आत नेणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एकुलती एक लेक दूर, त्या मीटिंगवाल्यांच्याच देशात, कडेवर सहा महिन्यांचं पोर, तिला येता येणार नव्हतं. गुरुवारी तिचा फोन आला.

"बाबा, आत न्यायच्या आधी मला आईशी बोलायचंय. किती वाजता करू?"

"साडेसातला कर. म्हणजे तुझे रविवारी रात्रीचे दहा," घड्याळराव म्हणाले. कागद नाही, पेन नाही, नेहमीसारखं तोंडावर.

सोमवारी साडेसातला बायको उशाशी फोन घेऊन बसली. पावणेआठ झाले. मी लावतो, असं ते म्हणाले, तर तिने हात धरला. "नको हो. आपण केला तर तिला वाटेल काहीतरी बिनसलंय. बाळाला निजवत असेल, करेल ती." आठ वाजता वॉर्डातला माणूस चाकाची खाट घेऊन आला. बायकोने फोन त्यांच्या हातात दिला आणि गेली.

फोन वाजला तेव्हा घड्याळराव बाहेरच्या बाकावर बसले होते. समोर भिंतीवर घड्याळ होतं. साडेआठ. एक मिनिट कमी नाही, एक मिनिट जास्त नाही. माणसाच्या हातून उशीर झाला तर सतरा मिनिटांचा होतो, पन्नास मिनिटांचा होतो. बरोबर एका तासाचा उशीर हा गणिताचा असतो. फोन उचलायच्या आधीच त्यांना सगळं कळलं होतं. गुरुवारी त्यांनी गुरुवारचा फरक धरला होता.

"नेलं का आईला?" लेकीने विचारलं. "आठलाच नेलं, अर्ध्या तासापूर्वी," ते म्हणाले. मग तिलाही उमगलं. "बाबा, आज आमची घड्याळं मागे गेली. मी इथे राहते आणि माझ्या ध्यानात आलं नाही. असं कसं झालं माझ्याकडून?"

आई बाहेर आली की चूक आपली होती ते हिला सांगू, असं घड्याळरावांना वाटलं. बायको शुद्धीवर आली नाही. तिसऱ्या दिवशी गेली. आणि मग ते बोलायचं राहून गेलं. पहिल्या महिन्यात लेक नुसती रडत होती म्हणून, दुसऱ्या महिन्यात ती जरा सावरली होती म्हणून. पुढे पुढे तर नुसता विचार आला तरी ते दुसरं काम काढत. सात पावलांचं स्वयंपाकघर, त्यात एका माणसाचा चहा, एका माणसाची बशी. तिथे उभ्या उभ्या त्यांनी कितीदा तरी वाक्य जुळवलं होतं. फोन लागला की हवापाण्यावर यायचे.

नव्या बाई आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी सहाला त्यांनी नेहमीप्रमाणे फोन लावला. तिथे सकाळचे साडेआठ. लेक बसच्या थांब्याकडे चालत असायची.

"जेवण काय केलंत?" तिने पहिलं तेच विचारलं.

"अजून व्हायचंय. भात लावलाय."

"कालही भातच. परवाही भात. बाबा, भाताची एजन्सी घेतलीत काय?"

"दोन भाज्या येतात मला."

"दोन्ही बटाट्याच्या."

ते हसले. मग तिने सहज सांगितलं, की प्रयोगशाळेत तिला वरची जागा देतायत. चार देशांतल्या प्रयोगशाळांची कामं जुळवायची, कोणी कुणाशी कधी बोलायचं ते ठरवायचं. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

"अरे वा! मग?"

"मग काय, नाही म्हणणार."

"का गं?"

"सगळा वेळांचाच तर खेळ आहे तो. मला नाही जमायचं." तिचा आवाज साधा होता, भाजी संपली सांगावं तसा. "आईच्या वेळी काय केलं मी, ते विसरलात का? स्वतःच्या आईला एक फोन वेळेवर करता आला नाही. आता चार देशांची माणसं माझ्या भरवशावर ठेवू? जावई तुमचे म्हणतात, घे. त्यांना काय जातंय म्हणायला. बाबा, मी अजून बाळाच्या डॉक्टरकडे जायचं तरी तीन गजर लावते. आली बघा बस. ठेवते."

घड्याळरावांनी भाताखालचा गॅस बंद केला. भात तळाला लागला होता.

वर्षभर त्यांनी मनाची एक समजूत घातली होती. आई गेल्याचं दुःख तर तिला होणारच. त्यात चूक कोणाची, याने काय फरक पडतो? बायको काही परत येणार नव्हती. आज ती समजूत पार कोसळली. लेक त्यांच्या चुकीचं ओझं वर्षभर वागवत होती आणि आता त्यापायी हाताशी आलेली वरची जागा सोडायला निघाली होती. आणि ते इकडे तिला भाताची वर्दी देत होते.

बुधवारी त्यांनी सहा वाजायची वाट पाहिली नाही. साडेपाचलाच, ऑफिसातून निघायच्या आधी, जिन्याखाली जाऊन फोन लावला.

"काय हो बाबा, लवकर? बरं आहे ना?"

"बरा आहे. ऐक, मधे बोलू नकोस. नाहीतर माझं राहील." त्यांनी श्वास घेतला. "त्या सोमवारी चूक तुझी नव्हती. तुला रात्रीचे दहा मी सांगितले. ते नऊ हवे होते. फरक रविवारी बदलणार हे मला ठाऊक होतं, इथल्या कॅलेंडरवर मीच खूण केली होती. हॉस्पिटलच्या धावपळीत डोक्यातून गेलं. तू मी सांगितलेल्या वेळेला मिनिटावर फोन केलास."

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"तुझा फोन वाजला तेव्हाच."

"तेव्हाच." पलीकडे खुर्ची सरकली. "मी रडत होते तेव्हा माहीत होतं. आई गेल्यावर मी आले होते, आईच्या कपाटासमोर बसून तुम्हाला म्हटलं, माझ्यामुळे झालं. तेव्हा माहीत होतं. तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवत होता, बाबा."

"हो."

"हो काय!" ती ओरडली. मागे बाळ दचकून रडायला लागलं. "चूक झाली ती झाली हो. कुणाचीही झाली असती. पण वर्षभर? आई असती तर तिने तुम्हाला घरात घेतलं नसतं."

"नसतं घेतलं," घड्याळराव म्हणाले. तेही खरंच होतं.

फोन बंद झाला. नव्या बाई जिना उतरत होत्या. त्यांनी घड्याळरावांचं तोंड बघितलं, आणि त्या आल्या पावली परत वर गेल्या.

गुरुवारी लेकीने फोन उचलला नाही. शुक्रवारीही नाही. घड्याळरावांनी दोनदाच लावला, तिसऱ्यांदा लावायचं त्यांचं धाडस झालं नाही. शनिवारी सकाळी सातला तिचा निरोप आला. "वरच्या जागेला हो म्हटलं. तुम्ही फोन करू नका. मी रविवारी करीन."

किती वाजता ते लिहिलं नव्हतं. तिचं मन ज्या वेळी होईल, ती वेळ. ती कशात बदलून घ्यायची हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारायचं तोंडही नव्हतं. त्यांनी बाजारहाट शनिवारीच उरकला. रविवारी सकाळपासून घराबाहेर पाऊल टाकलं नाही. आंघोळीला गेले तेव्हा फोन न्हाणीच्या दारात स्टुलावर ठेवला. दुपारी डोळा लागू नये म्हणून कपाट आवरायला काढलं, बायकोच्या साड्यांना हात लागला, तसं परत बंद केलं. दोन वाजले, तीन वाजले.

फोन आला सव्वाचारला. तिच्याकडे पहाटेचे पावणेसहा असणार. आवाज बसलेला होता, पण राग त्यात अजून शाबूत होता.

"मला तुमच्याविषयी काही बोलायचं नाही," ती म्हणाली. "त्या सकाळचं सांगा. मी विचारलंच नाही कधी, कुठल्या तोंडाने विचारणार होते? आई उठली कधी, बोलली काय, सगळं. काही गाळायचं नाही. आणि मला बरं वाटावं म्हणून काही घालायचंही नाही."

घड्याळराव खुर्चीवर बसले.

"पाचला उठली," ते म्हणाले. "नर्सबाईंकडे कंगवा मागितला. मी म्हटलं, टोपी घालणार आहेत तुला, केस कशाला विंचरतेस? तर मला म्हणाली, लेक फोनवर बघेल ना."

पलीकडून हुंदका आला. ते थांबले.

"थांबू नका," लेक म्हणाली. "पुढे सांगा."