सात महिन्यांत म्हातारा केलेला दोर

मी दोर बोलतोय. तीन पेडांचा, मनगटाएवढा जाड. वय सात महिने, दिसतो तीनशे वर्षांचा. हा माझा पराक्रम नाही, माझ्यावर झालेला आहे.

कारखान्यातून आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. वाट्टेल ते वजन धरलं असतं. पण इथे समुद्रातल्या एका जुन्या लढाईचा सिनेमा चाललाय, आणि जुन्या लढाईत नवा दोर शोभत नाही. म्हणून रंगखात्यातल्या ताईने मला चहाच्या पाण्यात बुडवलं, विटेच्या तुकड्याने घासलं, वरून बर्नरने भाजलं. भाजताना माझा मधला पेड आतून करपला. तिच्या ते लक्षात आलं. तिने माझ्या टोकाला लाल धागा बांधला. म्हणजे हा शोभेचा, वजनाला नाही.

खरी लढाई म्हणे वाऱ्याविना झाली. जहाजं दिवसभर जागची हलली नाहीत. गोळ्यांपेक्षा तहानेनेच जास्त माणसं मेली. हे सांगायला एक निवृत्त प्राध्यापक ठेवलेत. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलंही. साहेब, म्हणजे दिग्दर्शक, म्हणाले, "सर, तहान बघायला तिकीट कोण काढतं?" तेव्हापासून प्राध्यापक खुर्चीत बसून मान डोलावतात. एवढं शिकून शेवटी मानच डोलवायची होती, तर शाळेत तरी कशाला जायचं!

तर, वादळ आलं ते असं. वादळ म्हणजे डेक कलणार. डेक कलला की तोफ घरंगळणार. फायबरची तोफ हलकी दिसली, म्हणून तिच्या पोटात लोखंड भरलं. आता ती सहाशे किलोंची आहे. तिला मागून पोलादी तार बांधली होती. तार चित्रात चमकली.

"तीनशे वर्षांपूर्वी अशी तार होती का?" साहेब ओरडले.

वादळ खोटं चालतं, तार चालत नाही. तार काढली, मला बांधलं. लाल धागाही त्या काळातला नव्हता, तो कापला.

बांधलं उस्तादने. चाळीस वर्षं दोर बांधणारा माणूस, ताईचा बाप.

"बाबा, हा दिसायचा दोर आहे. धरायचा नाही."

"तू जन्मायच्या आधीपासून गाठी मारतोय मी. चहा उकळणारीने मला दोर शिकवू नये."

"समोर कोण उभं राहणार आहे, बघितलंत ना?"

"माझाच मुलगा आहे. मला काळजी नसेल?"

समोर धाकटा, ताईचा भाऊ. पडणं-मरणं हाच त्याचा धंदा. "ताई, चौदा सिनेमांत मेलोय," तो हसला. "पंधराव्याला नाट लावू नकोस."

ठरलंय असं, की तोफ घरंगळेल, मी ताणला जाईन आणि ती धाकट्यापासून हातभर अंतरावर थांबेल. पहिल्या वेळी थांबली. दुसऱ्या वेळीही थांबली, पण माझा मधला पेड चट्‌कन तुटला. वादळी वाऱ्यासाठी लावलेल्या मोठ्या पंख्यांच्या घरघरीत कोणालाच ऐकू आलं नाही.

"वादळ कुठाय?" साहेब म्हणाले. "अजून कलवा."

उस्ताद मला तपासायला आला. त्याची बोटं माझ्यावरून सरकली आणि मध्येच थांबली. कळलं त्याला. मला वाटलं, आता बोलेल. पण दोनशे माणसं खोळंबली होती, आणि लेक टक लावून बघत होती. बोलला असता तर ती खरी ठरली असती. त्याने गाठ आणखी आवळली.

"ठीक आहे," म्हणाला.

आता डेक उचलला जातोय. तोफ सुटलीय. दोन पेडांवर मी तिला धरलंय आणि माझा पीळ उलगडतोय. ताईला तो दिसला. ती ओरडत धावतेय, पण पंख्यांपुढे तिचं फक्त तोंड हलताना दिसतं. उस्ताद खाली बघतोय.

धाकट्या, बाजूला हो रे! मी धरलंय तेवढाच वेळ तुझा, आणि तो फार नाही.

पण तो कामाचा पक्का. 'कट' ऐकल्याशिवाय जागचा हलत नाही. आणि साहेब 'कट' म्हणत नाहीत. त्यांना आत्ता कुठे ही लढाई खरी वाटायला लागलीय.