येणाऱ्या माणसाची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी सेडान गाडी आहे. लांब, बुटकी, गडद निळी. एके काळी रस्त्यावरचे लोक माझ्याकडे वळून बघायचे. आता मी हाइलब्रोन शहरात एका बेकरीच्या मागच्या अंगणात उभी असते. माझ्या मागच्या सीटवर कुत्र्याचे केस आहेत, खाली ब्रेडचा चुरा आहे आणि मी थकले आहे. म्हणून फार लांबण लावत नाही.

माझा जन्म जर्मनीच्या दक्षिणेकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे महागड्या गाड्या बनत. दारं बसवायच्या विभागात एगोन नावाचा माणूस काम करायचा. तो दार बसवायचा, तळव्याने ढकलून लावायचा आणि कान देऊन ऐकायचा. आवाज जड आणि दबका आला की मान हलवून पुढच्या गाडीकडे वळायचा.

त्या भागात एक रीत आहे. कारखान्यातल्या माणसाला कंपनीची नवी गाडी सवलतीत मिळते. तो ती वर्षभर चालवतो, डोळ्यात तेल घालून जपतो आणि वर्ष झालं की विकतो. मग पुन्हा नवी घेतो. गल्लीतले सगळेच असं करायचे. त्यामुळे तिथे साध्या कामगाराच्या दारातही उंची गाडी उभी असते, पण ती त्याची नसते. ती पुढच्या वर्षी विकत घ्यायला येणाऱ्या माणसाची असते.

एगोनने तरुणपणापासून अशा कितीतरी गाड्या घेतल्या आणि विकल्या. त्याची बायको गेर्लिंडे त्या सगळ्यांत बसली. गाडीत खायचं नाही. ओले बूट घालून बसायचं नाही. दार आपटायचं नाही. तिला कुत्रा पाळायचा होता, तोही पाळला नाही. कारण केस पडतात आणि येणाऱ्या माणसाला केस दिसतात.

एगोनच्या नोकरीच्या शेवटच्या काळात मी त्याच्या घरी आले. माझं वर्ष भरलं तेव्हा तो निवृत्त झाला होता. गेर्लिंडे म्हणाली, "ही राहू दे आता. एक तरी आपली असू दे."

त्याने मला ठेवलं. पण सवय गेली नाही. दर शनिवारी तो आधी घरापुढची फरसबंदी झाडायचा आणि मग माझ्याकडे यायचा. सीटच्या शिवणींतून ब्रश फिरवायचा, काचा पुसायचा, पायपुसणी आपटायचा. गेर्लिंडे दारात उभी राहून बघायची.

"एगोन, तो येणारा माणूस आहे तरी कोण रे?" ती एकदा म्हणाली. "जन्मभर मी त्याच्या गाडीत बसतेय. एकदा त्याला जेवायला तरी बोलव!"

"उद्या विकायची वेळ आली तर?"

"मग मलाही पुसून ठेव. कुणी सांगावं, चांगलं गिऱ्हाईक मिळेल."

एगोन हसला आणि तिच्या हाताचे ठसे दारावरून पुसले.

मित्रांनो, माझी ती वर्षं चांगली गेली. त्यांची मुलगी हाइके नवरी होऊन माझ्यात बसली. दर उन्हाळ्यात मी दोघांना समुद्रावर नेलं. मी जमिनीलगत धावायचे, वळणावर कलायचे नाही, आणि आतून इतकी शांत होते की गेर्लिंडे झोपेत पुटपुटली तरी एगोनला ऐकू यायचं. शेजारी म्हणायचे, कालच आणल्यासारखी दिसते. मला त्याचा अभिमान वाटायचा.

मग गेर्लिंडेचा खुबा गेला. माझ्यात बसायचं म्हणजे वाकायचं, मागे टेकायचं, दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. उतरताना तर एगोन तिचे दोन्ही हात धरून तिला ओढायचा. एक दिवस दवाखान्यासमोर तिला उठताच येईना. आधी ती हसली.

"चल, डॉक्टरलाच बोलव गाडीत," ती म्हणाली.

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा जमलं नाही. मग ती रडली. एगोन फुटपाथवर गुडघे टेकून तसाच बसला. माझी सीट अजून वीतभर उंच असती तर, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

त्याच महिन्यात त्याच कंपनीची दुसरी गाडी घरी आली. एसयूव्ही. उंच, रुंद, पांढरी, आत फिक्या रंगाच्या सीट. निवृत्त माणसालाही ती सवलत मिळते, तशीच वर्षभराने विकायची म्हणून घेतलेली. मला गॅरेजमध्ये आत सरकवलं आणि ती दाराजवळ उभी राहिली.

आम्ही दोघी एकाच घरच्या, पण वेगळ्या. मी रस्त्याला चिकटून जाते, ती उंचावरून रस्ता बघत जाते. वाऱ्यात ती थोडी डुलते, मी डुलत नाही. पेट्रोल ती जास्त पिते. माझ्या डिकीत लांब सामान आडवं मावतं, तिच्या डिकीत चाकाची खुर्ची उभी राहते. लोक विचारतात, दोन्हींत चांगली कोणती? मी इतकंच सांगेन. गेर्लिंडेला माझ्यात उतरून बसावं लागायचं आणि तिच्यात नुसतं सरकून बसता यायचं. आमच्यातला सगळा फरक तिच्या दुखऱ्या खुब्याएवढा होता.

खुब्याच्या मागोमाग मोठं आजारपण आलं. मी गॅरेजमध्ये धूळ खात होते. उंच गाडी दवाखान्याच्या फेऱ्या करायची आणि संध्याकाळी शेजारी येऊन मला सांगायची. सप्टेंबरात एकदा परत येताना गेर्लिंडेने बेकरीपाशी गाडी थांबवायला लावली. तिला प्लमचा केक हवा होता. बरेच दिवस तिने काही मागितलं नव्हतं. एगोन धावत जाऊन केक घेऊन आला.

"घरी जाऊन खाते," ती म्हणाली.

"इथेच खा."

"गाडीत? तो येणारा माणूस काय म्हणेल?"

"गेला खड्ड्यात. तू खा."

ती खात असताना प्लमचा रस सीटवर सांडला. तिने घाबरून त्याच्याकडे बघितलं. एगोनने गाडी चालू केली आणि रेडिओ लावला.

हिवाळ्यात गेर्लिंडे गेली.

वसंतात उंच गाडीचं वर्ष भरलं. तिचं गिऱ्हाईक आधीच ठरलेलं होतं, स्टुटगार्टचे एक दंतवैद्य. हाइके रविवारी आली तेव्हा गॅरेजच्या दारातच बोलणं झालं.

"बाबा, उंचवाली ठेव. तुझाही गुडघा आता कुरकुरतो. ही जुनी काढून टाक."

"ह्या जुन्या गाडीत तुझी आई इतकी वर्षं बसली."

"म्हणून काय आयुष्यभर गॅरेजमध्ये देव्हारा मांडणार आहेस?"

"जुनी राहील," एगोन म्हणाला. "पांढरी शनिवारी जाईल."

मित्रांनो, खरं सांगते, मला आनंद झाला. दोघींतून त्याने मला निवडलं होतं.

हाइके घरी परतल्यावर त्या संध्याकाळी, गेर्लिंडेच्या मागे पहिल्यांदाच, तो माझ्यात येऊन बसला. चालकाच्या जागी नाही, शेजारी, तिच्या जागेवर. दार लावलं. मग त्याने सीटवर नाक टेकवून वास घेतला. शिवणींत बोटं घातली. सीटखाली हात फिरवला. समोरचा कप्पा उघडला, दारातला खण चाचपला. तो काय शोधतोय ते मला कळलं. तिचा एखादा केस. खोकल्याच्या गोळीचा कागद. केसांची पिन. काहीही.

माझ्याकडे काही नव्हतं. इतक्या वर्षांचा प्रवास, मुलीचं लग्न, समुद्र, तिची झोप, सगळं माझ्यात घडलं होतं आणि दर शनिवारी त्याने ते स्वतःच्या हाताने झाडून नेलं होतं. मी कालच आणल्यासारखी होते. मी त्या येणाऱ्या माणसासाठी तयार होते आणि तो माणूस कधी आलाच नव्हता.

मग एगोन कण्हत, दाराला धरून माझ्यातून बाहेर आला आणि शेजारच्या गाडीचं दार उघडलं. तिथे सीटवर अंथरलेल्या, थोड्या सरकलेल्या टॉवेलच्या कडेला तो डाग होता. जांभळा, वाळलेला, तळहाताएवढा. त्याने त्यावर हात ठेवला. घरातून बोलावणारं कुणी नव्हतं, त्यामुळे तो कितीही वेळ तिथे बसू शकत होता आणि बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने दंतवैद्यांना फोन केला. ते म्हणत असावेत, डाग आम्ही काढून घेऊ, काही अडचण नाही. एगोन म्हणाला, "हो, निघेल. म्हणूनच देत नाहीये."

मग मला विकायचं ठरलं. मला बघायला सेवगी नावाची एक मुलगी आली. ती बेकरीत काम करते आणि पहाटे कामावर जायला तिला गाडी हवी होती. तिच्याबरोबर एक भलामोठा, ओला कुत्रा होता.

"एवढी स्वच्छ?" ती आत डोकावून म्हणाली. "काका, ही गाडी चालवलीत की कपाटात ठेवली होती?"

"चालवली," एगोन म्हणाला.

"मग आधीच सांगते, माझ्याकडे अशी राहायची नाही. हा मागे बसणार, आणि मी गाडीतच खाते. दोन्ही वेळा."

त्या दिवशी आलेली हाइके हळूच म्हणाली, "बाबा, दुसरं कुणी बघूया का?"

तोवर कुत्रा मागच्या दाराशी गेला होता. त्याने काचेला नाक लावलं आणि जोरात श्वास सोडला. काचेवर ओला, बरबटलेला ठसा उमटला. एगोनचा हात आपोआप खिशात गेला. कापड बाहेर आलं. काचेपर्यंत गेलं.

आणि थांबलं.

त्याने कापडाची घडी केली आणि परत खिशात ठेवली. मग माझं मागचं दार उघडून कुत्र्याला म्हणाला, "चल, बस आत."

त्यानंतर मी त्याला बघितलं नाही. इथे मला कुणी पुसत नाही. दारं आपटतात, ऊन लागतं, रंग उडतोय. पहाटे सेवगी गरम ब्रेडचा तुकडा तोडते, अर्धा स्वतः खाते, अर्धा मागे देते, आणि चुरा माझ्यात पडतो. थकवा आहे, तक्रार नाही.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. आमचं तेल-पाणी बघा, आम्हाला पावसात गंजू देऊ नका. पण ज्याला ओळखतही नाही अशा माणसासाठी आम्हाला कोरं ठेवू नका. आपल्या माणसाला आत बसवा, खाऊ द्या, सांडू द्या. शनिवारी झाडायला बसाल तेव्हा एक कोपरा तसाच सोडा. पुढे कधी कुणी अंधारात सीटखाली हात घालून शोधू लागलं, तर त्याच्या हाताला काहीतरी लागू दे.