चाके किती बाहेर यावीत

थायलंडच्या रोइ-एत प्रांतात, आमच्या बाजूला, वाहनात काही पालट करण्यापूर्वी त्यात वसणाऱ्या देवीची, मे या नांगची, अनुज्ञा घेतात. सुथिनने आपल्या जुन्या पिकअपची चाके थोडी बाहेरच्या अंगाला आणण्याचे ठरविले, तेव्हा विरोत मिस्त्रीच्या अंगणात तेवढाच विधी व्हावयाचा होता. पुतण्याच्या भिक्षुदीक्षेच्या मिरवणुकीत तीच गाडी अग्रभागी चालणार होती.

"चाकं बघ कशी आत गेलीत, दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या गालांसारखी," सुथिन म्हणाला. "स्पेसर घालू, की वेगळ्या ऑफसेटच्या रिम घेऊ?"

"काका," विरोत म्हणाला, "स्पेसर म्हणजे चाकामागे बसवायची चकती. तिचे नट अधूनमधून आवळायला लागतात. कमी ऑफसेटच्या, म्हणजे चाक मुळातच बाहेर बसवणाऱ्या, रिमला तो घोर नाही, पण त्या चारही घ्याव्या लागतील. चाक दोन्हींनी सारखंच बाहेर येणार. आणि पुढची बाहेर आली, की स्टीअरिंग जड होतं. खड्ड्यात हाताला झटका बसतो."

"गाडी लामदुआन चालवते. ती बैलसुद्धा लोळवेल."

"तुम्हाला लोळवलंय, बैलाचं काय घेऊन बसलात," त्याची पत्नी लामदुआन हसली. रोज पहाटे कमळाच्या देठांच्या टोपल्या घेऊन बाजारात गाडी तीच नेत असे.

तिने आत बसून आरशाला चमेलीची माळ बांधली, उदबत्ती लावली आणि डोळे मिटून ती पुटपुटली, "आई, उजवा खांदा आता वर होत नाही. स्टीअरिंग याहून जड झालं तर मला गाडी सोडावी लागेल. यांना कळू देऊ नकोस. फार हौसेनं आलेत."

नैवेद्याच्या पाण्याचा पेला घेऊन दाराशी आलेल्या सुथिनच्या कानी ते पडले. तो पाय न वाजविता मागे फिरला.

"विरोत, पुढची चाकं राहू दे. मागच्या दोघांना स्पेसर लाव."

"शोभेल का, काका?"

"मिरवणूक पुढे गेली, की लोकांना मागचीच बाजू दिसते."

लामदुआन खाली उतरली. "चारांचं ठरलं होतं ना?"

"देवी दोनच म्हणाली."

तिने पतीच्या मुखाकडे पाहिले, आणि काय घडले ते तिला उमगले. तिने हसू लपविले नाही; ती विचारती झाली, "नट कोण आवळणार?"

"मी."

"घरी लोळत कसे आवळणार? रोज पहाटे माझ्यासोबत यायचं."

पहाटेचे उठणे सुथिनला जन्मात मानवले नव्हते.

"येईन," तो म्हणाला. "टोपल्याही मीच उतरवीन."