नजरेच्या टप्प्यात

एल्डर येमूलने मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि तानुबाईंच्या भाजीच्या गाड्यावर, वांग्यांच्या ढिगाशेजारी ठेवलं.

"हे तुमच्या नातवाला. परीक्षेत वेळ बघायला होईल."

तानुबाई गवार तोलत होत्या. तागडी तशीच हातात धरून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"काहून? बिघडलं काय?"

"नाही, चांगलं चालतं."

"मंग तू काय घालशीन?"

"मला आता लागत नाही, मावशी."

शेजारी कापडी पिशवी धरून उभ्या असलेल्या सागरला यात काही वावगं वाटलं नाही. येमूलची प्रचाराची दोन वर्षं संपत आली होती. सतरा दिवसांनी तो सोलापूरला आपल्या घरी जायचा होता. परतणारे जाताना वस्तू वाटून टाकतात, हे सागरने ऐकलं होतं. इस्त्री तर येमूलने त्यालाच देऊन टाकली होती.

दोघांच्याही पांढऱ्या सदऱ्यांवर काळी नावपट्टी होती. मॉर्मन चर्च आपल्या प्रचारक पोरांना 'एल्डर' म्हणतं, म्हणजे वडीलधारा. येमूल तेवीस वर्षांचा होता, सागर विसाचा. सागर मूळचा पातूरचा, घरी फुलांची शेती. पुण्यात कारखान्यात कामाला असताना तो या चर्चमध्ये जाऊ लागला. दोन वर्षं प्रचाराला जातो म्हणून त्याने घरी फोन केला, तेव्हा वडील हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. अमरावतीला येऊन त्याला तीन महिने झाले होते. या तीन महिन्यांत तो येमूलपासून वीस पावलांपलीकडे गेला नव्हता. नियमच तसा होता. सोबत्याला कायम नजरेच्या टप्प्यात ठेवायचं. एकट्याने कुठे जायचं नाही.

तानुबाईंनी घड्याळ उचललं नाही. गवार पिशवीत ओतली आणि वर मूठभर कोथिंबीर टाकली.

सोमवार हा त्यांचा कपडे धुण्याचा, बाजाराचा आणि घरी फोन करण्याचा दिवस. खोलीवर परतल्यावर सागर आईशी बोलला. येमूल खिडकीशी उभा राहून फोन कानाला लावून होता. बराच वेळ तो काहीच बोलला नाही. मग त्याने फोन खाली ठेवला.

"लागला नाही?"

"वडील यंत्रमागावर असतील. तिथल्या खडखडाटात ऐकू येत नाही."

मागच्या सोमवारीही तो हेच म्हणाला होता. सागरने बादलीतला सदरा पिळला आणि दोरीवर टाकला. मे महिन्याचं ऊन असं होतं की दुसरा सदरा पिळून होईपर्यंत पहिल्याच्या बाह्या कडक झाल्या होत्या.

येमूलची आई अकरा महिन्यांपूर्वी वारली. तो तेव्हा याच खोलीत राहायचा, सोबती दुसरा होता. प्रचारकांचं काम पाहणाऱ्या चर्चच्या अध्यक्षांनी त्याला घरी जायला सांगितलं, तिकीटही काढून देतो म्हणाले. हाच गेला नाही. हाती घेतलेलं काम अर्धं टाकलेलं तिला आवडलं नसतं, म्हणाला. अंत्यविधी त्याने फोनवर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊला टाय बांधून बाहेर पडला. रविवारच्या सभेला येणारी दहाबारा माणसं ही गोष्ट अजून सांगत. सागर नवा आला तेव्हा त्याला पहिल्याच रविवारी तिघांनी ती वेगवेगळी सांगितली होती. त्यालाही तेव्हा येमूलचा अभिमान वाटला होता. पण त्याबद्दल त्याच्याशी बोलावं, असं काही त्याच्या मनात आलं नाही.

गुरुवारी ते साधनाताईंकडे गेले. साधनाताई सभेला येणाऱ्यांपैकी. त्यांचे यजमान बाहेरगावी होते आणि कूलरच्या जाळ्यांमधलं गवत बदलायचं होतं. येमूल अंगणात जुनं, काळं पडलेलं गवत उपसत बसला. सागर नव्या गवताचा गठ्ठा आणायला आत गेला. तो पलंगाखाली होता. गठ्ठा ओढताना त्यामागे निळी सुटकेस दिसली. हँडलला लाल रिबन बांधलेली. ही रिबन त्याने तीन महिने रोज पाहिली होती.

"ही…"

"एल्डर येमूलनं देल्ली," साधनाताई दारातून म्हणाल्या. "परवा तुमी दोघं आले होते ना, सायकलच्या मागं बांधून, तवाच. मी म्हटलं, मंग तुमी सामान कशात नेसान? तर म्हने, नवी घेतली."

परवा येमूलने सायकलला काहीतरी बांधलेलं सागरने पाहिलं होतं. गोणपाटात गुंडाळलेलं होतं. चर्चची पुस्तकं असतील, असं त्याला वाटलं होतं.

नवी बॅग खोलीत नव्हती. खोली दहा बाय बाराची. तिथे बॅग लपायला जागाच नव्हती.

परतताना उन्हाने रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. दोघे सायकली हातात धरून चालत होते.

"एल्डर, नवी बॅग कुठंय?"

"घ्यायची आहे."

"ताईंना घेतली म्हणून सांगितलंस."

येमूल हसला. "काय सामान आहे माझं? पिशवीतही मावेल."

रात्री जेवताना त्याने सागरला विचारलं, वरणाला फोडणी कशी घालतोस ते सांग. सागरने सांगितलं. "मोहरी तडतडू दे आधी," येमूल म्हणाला, "घाई करतोस. पुढच्या सोबत्याला कच्ची मोहरी खायला घालू नकोस." आणि मग अगदी शांतपणे, पोटभर जेवला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच नीट जेवला म्हणून सागरला बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी येमूल पंक्चरवाल्याकडे थांबला. सागरच्या सायकलचे ब्रेक सैल झाले होते, ते त्याला आवळून घ्यायचे होते. दुकान तानुबाईंच्या गाड्यासमोरच, रस्त्यापलीकडे. सागर भेंडी घ्यायला अलीकडे आला.

तानुबाईंनी गल्ल्याखालून घड्याळ काढलं. फडक्यात बांधलेलं होतं.

"हे घे वापस."

"त्यानं खुशीनं दिलं आहे, मावशी."

"म्हनूनच वापस देऊन राहिली." त्यांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. येमूल उकिडवा बसून चाक फिरवून बघत होता. "अजून काय काय देल्लं त्यानं?"

सागरने सांगितलं. इस्त्री, सुटकेस, दोन सदरे, सभेतल्या एकाला चामडी पट्टा.

तानुबाई भेंडीवर पाणी शिंपडत राहिल्या.

"माहा दीर होता, गोवर्धन. कर्ज नोतं, काई नोतं. बायको गेल्ती त्याची आदल्या साली. सारे म्हनत, मानूस लय खंबीर, डोयातून टिपूस नाई काढलं. मंग एका हप्त्यात त्यानं रेडिओ एकाले देल्ला, छत्री एकाले. माह्या पोराले सायकल. आमाले वाटलं, मन मोठं झालं त्याचं. पोटभर जेवे, हासे." त्यांनी हात लुगड्याला पुसला. "तिसऱ्या दिवशी आमी त्याले वावरातून चादरीत घालून आनलं."

सागरने भेंडी निवडायला हात घातला होता, तो तसाच राहिला.

"तुमच्यात घरी जातानी वाटतात, हे मले ठावं नाई बापू. तसं असन तर चांगलंच हाये. पन तू त्याले इचारलं का?"

"काय?"

"काईबी."

पलीकडून येमूलने हात केला. सायकल झाली होती. सागरने घड्याळ खिशात टाकलं. भेंडी न घेताच तो रस्ता ओलांडू लागला, तेव्हा मागून तानुबाईंनी पिशवी त्याच्या हातात दिली.

दुपारी एक ते चार कुणाचंच दार उघडत नाही. त्या वेळात ते खोलीवर अभ्यास करत. खोली घरमालक महादेवरावांच्या घरावर दुसऱ्या मजल्यावर होती. रस्ता पांढरा पडला होता. खाली महादेवरावांचा कूलर घरघरत होता. सागर पुस्तक उघडून बसला होता आणि एकाच ओळीवर होता.

दोनच्या सुमारास येमूल उठला. त्याने तोंड धुतलं, केस विंचरले, खाटेवर बसून बूट घातले.

"बडनेऱ्याला जाऊन येतो. तिकिटाचं बघायचं आहे स्टेशनवर."

"तिकीट तर फोनवर येणार ना?"

"तरी विचारून येतो. तू खाली महादेवरावांजवळ बस. म्हणजे तूही एकटा नाहीस, नियम मोडला असं होत नाही."

"मी येतो."

"उन्हात कशाला दोघं? तासाभराचं काम आहे."

"मी येऊन राहिलो," सागर म्हणाला. येमूलशी बोलताना तो नेहमी पुण्यासारखं बोलायचा प्रयत्न करी. आता ते राहिलं नाही.

येमूलने नाडी बांधली. नावपट्टी खिशावरून काढली आणि टेबलावर ठेवली. तिथेच त्याचा फोनही होता. फोन त्याने घेतला नाही.

सागर उठून दाराशी गेला. कडी लावावी की नाही, हे त्याला ठरवता येईना. मग त्याने प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि दारात मधोमध ठेवून तिच्यावर बसला. त्याने दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या.

"हे काय?"

"तू वापस येनार होता का?"

येमूल उभाच होता. त्याने खिडकीकडे पाहिलं, मग घड्याळ नसलेल्या मनगटाकडे. तिथे गोऱ्या कातडीचा पट्टा उरला होता.

"उठ, सागर."

तीन महिन्यांत त्याने सागरला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती.

"नाई उठत."

"मी तुला बाजूला करू शकतो."

"करशील. मी मागं मागं येईन. खाली ओरडीन. महादेवराव बी येतीन."

कूलरचा आवाज येत होता. सागरला वाटलं, आता हा सरळ चालत येईल. आपल्या अंगात त्याला धरण्याइतकी ताकद नाही, हे त्याला माहीत होतं.

"ठरवलं नव्हतं," येमूल शेवटी म्हणाला. "यायचं की नाही ते ठरवलं नव्हतं."

सागरने मान हलवली.

"आईचं नाव काय तुझ्या?"

"का?"

"मले माहीतच नाई. तीन महिने झाले."

येमूलने भिंतीला हात टेकवला.

"राजमणी," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "ती नाही असं त्या घरात अजून मी पाहिलेलंच नाही. इथे असलो की वाटतं, ती तिकडे आहे. विड्या वळत दारात बसली आहे. तेरा दिवसांनी मला त्या दारातून आत जायचंय." मग आवाज खाली गेला. "वडिलांना मी फोनच लावत नाही. नुसता कानाला धरतो."

सागरने खिशातून आपला फोन काढला. अध्यक्षांचा नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. तो फोन लावताना येमूल पाहत होता, पण त्याला अडवायला पुढे आला नाही. सागरने आवाज मोठा करून फोन मधल्या फरशीवर ठेवला. येमूलच्या पाठीमागे त्याच्याबद्दल बोलायचं नाही, एवढंच त्याला सुचलं होतं. काय झालं ते त्याने जसं जमेल तसं सांगितलं. पट्टा, सुटकेस, बडनेरा. मधेच त्याला रडू आलं, तरी तो सांगत राहिला.

अध्यक्षांनी एकच विचारलं, तो आत्ता तुझ्यासमोर आहे का? मग ते येमूलशी बोलले, सावकाश, मधे मधे थांबत. येमूल 'हो' आणि 'नाही' एवढंच म्हणाला. डॉक्टर अर्ध्या तासात फोन करतील, असं ठरलं. अकोल्याचे दोघे एल्डर मिळेल त्या बसने निघणार होते. तोवर खोलीतून कुणीही हलायचं नव्हतं.

"दोन तास लागतीन त्यायले," सागर म्हणाला. "अडीच."

येमूल खाटेवर बसला. खाली महादेवरावांनी कूलर बंद केला असावा. एकदम सगळं शांत झालं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका ऑटोचा आवाज थेट खोलीत आला. तो दूर जाईपर्यंत दोघेही ऐकत राहिले.

सागरने खुर्ची हलवली नाही. पाणी हवं का, असं विचारावंसं त्याला वाटलं. पण माठ कोपऱ्यात होता आणि तिथे जायला दारातून उठावं लागलं असतं.

येमूल वाकला. त्याने उजव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढून खाटेखाली सरकवला. मग डाव्या पायाची नाडी बोटांत धरून तो तसाच वाकलेला राहिला. सागर त्या बोटांकडे पाहत बसला.